चालत्या साइटला हात लावावा का?

छोटं मासिक, ग्रंथालय, हौशी नाट्यसंस्था, ज्यांची म्हणून स्वतःची वेबसाइट आहे त्यांच्याकडे हा वाद कधी ना कधी होतोच. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर लाल गोलात आकडा उमटतो, थीमची नवी आवृत्ती आल्याची सूचना दिसते. एकजण म्हणतो, करून टाकू. दुसरा म्हणतो, चालतंय ना, मग राहू दे. इथे या दोन बाजू एका आत्याच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी दिल्या आहेत. आत्या दिवाळी अंक काढते; अंकाची साइट आणि तिच्यावरचे जुन्या अंकांतले शेकडो लेख हे तिनेच उभं केलेलं काम. भाचा पुण्यात वेबसाइट बांधतो. माझा कल भाच्याकडे आहे, हे आधीच सांगायला हवं. पण आत्याच्या एका आक्षेपाला त्याच्याकडे अर्धंच उत्तर आहे, असं मला वाटतं. तो आक्षेप शेवटाकडे येईल.

भाचा : आत्या, थीमची नवी आवृत्ती येऊन कितीतरी महिने झाले. मधल्या आवृत्त्याही तू सोडून दिल्यास. आता करून टाकू का?

आत्या : कशाला? साइट उघडते, लेख दिसतात, मोबाइलवर नीट वाचता येतात. बिघडलंय काय, ते आधी सांग.

भाचा : बिघडलं काहीच नाही. पण बिघडायची वाट बघायची का?

आत्या : अरे, बिघडतं ते तुमच्या अपडेटमुळेच. 2020च्या ऑगस्टमध्ये वर्डप्रेसची 5.5 आवृत्ती आली. जुन्या थीमना सांभाळून घेणारी जेक्वेरी मायग्रेट नावाची फाइल त्यांनी बंद केली आणि कितीतरी साइटींचे मेनू उघडेनासे झाले, फिरती चित्रं जागच्या जागी थांबली. त्या लोकांचं चुकलं काय होतं? अपडेटचं बटण दाबलं, एवढंच. मी छापील अंक काढणारी बाई आहे. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. ज्या ग्रंथालयात त्याची प्रत शिल्लक असेल, तिथे तो आजही उघडून वाचता येतो. तो कुणाकडे अपडेट मागत नाही.

भाचा : त्या प्रतीचा कागद ग्रंथालयाच्या ताब्यात आहे. आपली साइट मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर, दुसऱ्यांनी लिहिलेल्या पीएचपीवर चालते. तू थीमला हात लावला नाहीस म्हणून खालचं सगळं जसंच्या तसं राहत नाही. पीएचपी 7.4ची देखभाल 2022च्या नोव्हेंबरमध्ये संपली. होस्टिंगवाले आज ना उद्या सगळ्यांना 8च्या पुढे नेणार. पीएचपी 8मध्ये ‘क्रिएट फंक्शन’सारख्या जुन्या सोयी काढूनच टाकल्यात. जुन्या थीममध्ये तशी एक ओळ असली आणि ती चालवायची वेळ आली की सगळं पान कोसळतं. साइटवर गंभीर त्रुटी आल्याची सूचना तेवढी दिसते, बाकी पांढरं. आणि तो दिवस तू निवडलेला नसतो. नरकचतुर्दशीच्या सकाळीही होऊ शकतं.

आत्या : मग होस्टिंगवाल्यांना सांगायचं, आम्हाला जुनंच ठेवा.

भाचा : काही दिवस ठेवतात. कायमचं कुणी ठेवत नाही, कारण जुन्या पीएचपीत सापडलेली भोकं बुजवायला आता कुणी बसलेलं नाही.

आत्या : भोकं, भोकं! आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहे काय? कथा, कविता, जुनी व्यक्तिचित्रं. कविता चोरायला कोण येतंय?

भाचा : त्यांना तुझ्या कविता नकोच असतात. त्यांना हवा असतो सर्व्हर आणि तुझ्या अंकाचं चांगलं नाव. 2011च्या ऑगस्टमध्ये टिमथंबचं प्रकरण उघडकीला आलं. चित्रं लहानमोठी करून देणारी ती एक छोटी फाइल. सोयीची म्हणून असंख्य थीमवाल्यांनी ती आपापल्या थीममध्ये घालून दिली होती. बाहेरून चित्र आणायची मुभा तिला ठरावीक साइटींपुरतीच होती. पण तपासणी इतकी ढिली, की पत्त्यात कुठेही ‘ब्लॉगर डॉट कॉम’ ही अक्षरं दिसली तरी ती दार उघडायची. चोरांनी स्वतःच्या डोमेनच्या पुढे तीच अक्षरं जोडली आणि चित्राच्या नावाखाली आपली पीएचपी फाइल आत नेऊन ठेवली. अशी फाइल आपल्या थीममध्ये आहे, हे थीम वापरणाऱ्यांना माहीतही नव्हतं.

आत्या : बरं.

भाचा : आणि 2014चं त्याहून बोलकं आहे. फिरती चित्रं दाखवणारा रिव्होल्यूशन स्लायडर विकतच्या अनेक थीमसोबत बांधूनच यायचा. स्लायडर बनवणाऱ्यांनी त्यातलं भोक बुजवलं होतं. पण ज्यांना तो थीमसोबत मिळाला होता, त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती थीमच्या अपडेटमधूनच पोचणार होती. डिसेंबरात सोकसोक नावाचं मालवेअर त्याच वाटेने शिरलं आणि गुगलने 11,000पेक्षा जास्त डोमेन धोक्याची म्हणून अडवली. साइटचं नाव टाकलं की लाल पान. चालतंय ना, मग राहू दे, म्हणणारे त्यात पुष्कळ असतील.

आत्या : हे पटलं. पण माझं दुखणं वेगळंच आहे, ते ऐक. आपल्या प्रत्येक लेखावर लेखकाच्या नावाखाली एक ओळ असायची. कोणत्या सालचा अंक, कितवं पान. विद्यार्थी प्रबंधात संदर्भ देतात तो तिच्या जिवावर. मागे एका मुलाने थीम अपडेट केली आणि ती ओळ सगळ्या लेखांवरून गेली. शेकडो पानांवरून, एका क्षणात. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण पान दिसत होतं छान. एका प्राध्यापकांचा फोन आला तेव्हा कळलं.

भाचा : ती ओळ घातली कुठे होती, ते पाहिलं मी. डॅशबोर्डमधल्या थीम फाइल एडिटरमध्ये जाऊन थेट ‘सिंगल डॉट पीएचपी’ या फाइलमध्ये. अपडेट करताना वर्डप्रेस जुन्या आणि नव्या फाइलची जुळणी करत बसत नाही. थीमचं जुनं फोल्डर काढतं, नवं ठेवतं. त्या फोल्डरमध्ये कुणी हाताने काय लिहिलं होतं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आत्या : मग माणसाने आपलं लिहायचं कुठे?

भाचा : चाइल्ड थीममध्ये. मूळ थीमच्या शेजारी आपलं एक वेगळं फोल्डर. त्यात ‘स्टाइल डॉट सीएसएस’ ही फाइल, तिच्या डोक्यावरच्या टिपेत ‘टेम्प्लेट’ या शब्दापुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव. एवढ्यावर चाइल्ड थीम उभी राहते. मग जी फाइल बदलायची तेवढीच मूळ थीममधून उचलून इथे आणायची. वर्डप्रेस आधी इथे बघतं, इथे नसेल तर मूळ थीमकडे जातं. मूळ थीम हवी तितकी अपडेट होऊ दे, या फोल्डरला धक्का लागत नाही.

आत्या : इतकं सोपं आहे, तर त्या मुलाने केलं का नाही?

भाचा : घाई असते गं. शिवाय चाइल्ड थीम पहिल्यांदा चालू केली की लोगो आणि रंग गेल्यासारखे दिसतात. त्या सेटिंग थीमच्या नावाखाली डेटाबेसमध्ये साठवलेल्या असतात. चाइल्ड थीमचं नाव वेगळं, म्हणून तिला त्या सापडत नाहीत. पुसलेलं काही नसतं, पण माणूस घाबरतो आणि परत फिरतो. आणि एक खाचही आहे. चाइल्ड थीममध्ये आणलेली फाइल तिथेच जुनी होत जाते. मूळ थीमवाल्याने त्याच फाइलमधलं भोक बुजवलं, तर आपल्या प्रतीत ते तसंच राहतं. म्हणून अपडेटच्या वेळी दोन्ही फाइल शेजारी ठेवून पाहायच्या असतात. शक्य तितक्या कमी फाइल आणायच्या, हे त्यावरचं औषध.

आत्या : म्हणजे पान क्रमांकाची ओळ चाइल्ड थीममध्ये घालायची.

भाचा : माझं मत विचारशील तर तिथेही नाही. कितवं पान, कोणतं साल, हा मजकूर आहे. तो डेटाबेसमध्ये त्या लेखाला जोडलेला असला पाहिजे, आणि तो दाखवणारं एक छोटं प्लगइन असावं. मग थीम बदलली, दुसरीच आणली, तरी ती ओळ लेखाबरोबर राहील.

आत्या : हे तू मला सांगतोस? 2000च्या आसपास आम्ही निवडक लेख पहिल्यांदा साइटवर घातले, ते त्या वेळच्या फॉन्टमध्ये. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, मग लेख वाचायचा. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली. पुढे तो फॉन्ट नव्या संगणकांवर चालेना, आणि पानभर निरर्थक चिन्हं उरली. मग युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आली. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली, युनिकोडमध्ये ती नंतर लागते. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या, रफार भलतीकडे. ‘ऱ्हास’ आणि ‘तऱ्हा’ यांचं काय झालं ते विचारूच नकोस. ओळन्ओळ हाताने तपासली मी. डोळे गेले त्यात.

भाचा : कारण मजकूर आणि त्याचं दिसणं यांची तिथे गाठ मारलेली होती. दिसणं गेलं, त्याबरोबर मजकूर गेला. वर्डप्रेसमध्ये थीम आल्या त्या 2005च्या फेब्रुवारीत, 1.5 आवृत्तीबरोबर. त्यातला खरा फायदा हाच होता, की लेख डेटाबेसमध्ये राहतील आणि रूप वेगळ्या फोल्डरमध्ये. पण पुढे लोकांनी ती गाठ पुन्हा मारली. पानं सजवून देणाऱ्या काही थीम लेखाच्या आतच चौकोनी कंसांतल्या खुणा पेरतात. ती थीम असेपर्यंत सगळं देखणं. थीम बंद केली की प्रत्येक परिच्छेदाच्या मागेपुढे कंसच कंस.

आत्या : आपल्या साइटवर आहेत का तसले?

भाचा : दोन अंकांत आहेत. ते थीमला हात लावायच्या आधी काढावे लागतील.

इथे मला मध्ये बोलायचं आहे. थीम अपडेट सुरक्षितपणे कशी करावी, असं विचारलं की लोक बटण दाबायच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं सांगतात. ती सांगायलाच हवीत, पुढे येतातही. पण अपडेट धोक्याची होईल की नाही, हे बहुतेक वेळा कित्येक वर्षं आधी ठरून गेलेलं असतं, ज्या दिवशी कुणीतरी पान क्रमांक थीमच्या फाइलमध्ये लिहिला त्या दिवशी. आत्याने फॉन्टच्या काळात जे सोसलं, त्याचा याच्याशी असलेला संबंध तिने लगेच ओळखला. तंत्र शिकलेल्या कित्येकांना तो ओळखता येत नाही.

आत्या : बरं, कंस काढले, ओळ प्लगइनमध्ये गेली. आता बटण दाबणार?

भाचा : आधी बॅकअप. फाइल आणि डेटाबेस, दोन्ही. लेख डेटाबेसमध्ये असतात, चित्रं फाइलमध्ये. एकाचाच घेऊन भागत नाही. आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवायचा नाही.

आत्या : बॅकअप आहे असं त्या मुलानेही सांगितलं होतं.

भाचा : म्हणून तो दुसरीकडे उघडून पाहायचा. डेटाबेस परत भरताना अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकली, तर इंग्रजी मजकूर ठीक दिसतो आणि मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा काला होतो. इंग्रजी साइटवाल्याला ही चूक दिसतसुद्धा नाही, आपल्याला पहिल्या ओळीत दिसेल. बॅकअप उघडला की साइटची एक पूर्ण प्रत आपोआप हाताशी येते. तीच स्टेजिंग. सर्च इंजिनांना ती दिसू द्यायची नाही, आणि नवी थीम पहिल्यांदा तिच्यावर चढवायची.

आत्या : मग ती प्रत मला दे. तुम्ही लोक मुखपृष्ठ बघता, एक लेख बघता आणि ‘सगळं ओके’ म्हणता.

भाचा : तू काय बघशील?

आत्या : आधी शीर्षकं. ‘मूर्तींच्या गावात’ हे शीर्षक मोबाइलवर दोन ओळींत मोडतं. ‘र्तीं’वर वेलांटी, रफार, अनुस्वार एकाच जागी. मागच्या थीमने दोन ओळींतलं अंतर इतकं कमी केलं होतं, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या अक्षरांत घुसत होते. अनुस्वार कापला जायचा. लेखकाने फोन करून विचारलं, माझं शीर्षक चुकीचं छापलंत का? आणि उपशीर्षकांत तर अक्षरं लांब लांब ठेवली होती. इंग्रजीत छान दिसत असेल. मराठीत शिरोरेषा तुटते रे, शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

भाचा : ते बरोबर आहे. थीम बनवणारे बहुतेक रोमन लिपी समोर ठेवून अंतरं ठरवतात. ओळींतलं अंतर आपण चाइल्ड थीममध्ये वाढवून ठेवू, अक्षरांमधलं अंतर शून्य करू. फॉन्टही थीमवर सोडायचा नाही. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली, तर ज्याच्या त्याच्या फोनमधला जो असेल तो लागतो. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ आहे, तो आपण स्वतःच जोडू. आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली आहे ना, तेही बघायचं. काही थीममध्ये पहिल्याच ओळीत इंग्रजी असं कायमचं लिहून ठेवलेलं असतं. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात. भाषा मराठी अशी नोंदलेली असली तरच ते लागतात, एरवी हिंदी वळणाचे दिसतात.

आत्या : अरे, म्हणून आपला ‘श’ मधूनच तसा दिसायचा! मी टंकलेखन करणाऱ्या मुलीला बोलले होते.

भाचा : बाकीचं झटपट सांगतो. वर्डप्रेस, प्लगइन आणि थीम एकदम अपडेट करायचं नाही. एक झालं की तपासून दुसरं, म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते कळतं. प्रतीवर सगळं नीट चाललं, की तेच मूळ साइटवर पुन्हा करायचं. प्रत उचलून मूळ साइटवर ओतायची नाही, मधल्या काळात आलेली अंकाची मागणी पुसली जाईल. झाल्यावर कॅश रिकामी करायची. थीमच्या जुन्या आवृत्तीची झिप जपून ठेवायची, कारण काही अडलं तर फाइल मॅनेजरमधून जुनं फोल्डर परत ठेवणं हा सगळ्यांत जवळचा मार्ग. आणि साइट कोसळलीच, तर 2019च्या 5.2 आवृत्तीपासून वर्डप्रेस व्यवस्थापकाच्या ईमेलवर आत शिरायचा एक खास दुवा पाठवतं.

आत्या : तो ईमेल कुणाला जातो?

भाचा : थांब, बघतो... ज्याने साइट बांधली त्या मुलाच्या पत्त्यावर.

आत्या : तो तर केव्हाच काम सोडून गेला.

भाचा : मग थीमच्या आधी हा पत्ता बदलू. आत्ताच.

आत्या : आणि ते आपोआप अपडेटचं काय? 2020पासून म्हणे थीमलाही ती सोय आहे. ती चालू करणार असशील, तर माझा ठाम नकार आहे. थीमवाल्याला उद्या वाटलं, की लेखाच्या वर पानभर चित्र हवं, लेखकाचं नाव तळाला न्यावं. तर तो माझ्या अंकाचा संपादक झाला. पानावर आधी काय वाचलं जावं, हे मी ठरवणार.

भाचा : मान्य. प्लगइनच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप येऊ देऊ. थीमची प्रत्येक आवृत्ती मात्र आधी बदलांची यादी वाचून, तुझ्या होकारानेच.

आत्या : आता माझा शेवटचा प्रश्न. हे सगळं दरवेळी कोण करणार? तू करतोस, कारण तू माझा भाचा आहेस. मोबदला घेत नाहीस. उद्या तू परदेशी गेलास, तर? आमचा अंक जाहिरातींवर जेमतेम निघतो. छापील अंक एकदा काढला की त्याचा खर्च संपतो, या साइटचा संपत नाही. आम्ही हौसेने अंक काढणारी माणसं, जन्मभर बॅकअप आणि आवृत्त्यांच्या मागे धावत राहायचं?

भाचा : कमी धावावं लागेल असं करता येतं. वर्डप्रेसची स्वतःची साधी थीम घ्यायची, प्लगइन मोजकी ठेवायची...

आत्या : कमी म्हणजे संपलं नाही.

भाचा : नाही संपत. पण सगळ्या साइटला एकच नियम लावायची गरज नाही. जुन्या अंकांमध्ये आता काही बदलत नाही ना? मग त्यांची पानं वर्डप्रेसमधून बाहेर काढून साध्या एचटीएमएल फाइल करून ठेवता येतात. त्यांना डेटाबेस लागत नाही, पीएचपी लागत नाही, थीम तर नाहीच. फॉन्टची फाइल शेजारी ठेवली की झालं. तिथे भोक पडायला काही शिल्लकच राहत नाही. चालू अंक, वर्गणी, मागणी एवढंच वर्डप्रेसवर.

आत्या : म्हणजे छापून ठेवल्यासारखं. हे तू आधी का नाही सांगितलंस?

भाचा : कारण त्यात तोटे आहेत. साइटवरचा शोध त्या पानांपुरता वेगळा बसवावा लागेल. एखादा मुद्रणदोष सापडला, तर डॅशबोर्डवरून दुरुस्त करता येणार नाही, फाइल उघडावी लागेल. पुढे कधी सगळ्या साइटचं रूप बदललंस, तरी ती पानं जुन्याच रूपात राहतील.

आत्या : राहू देत. 1998चा अंक 1998सारखा दिसला तर बिघडलं काय? फक्त एक अट. त्या पानांचे पत्ते बदलायचे नाहीत. लोकांनी प्रबंधांत छापलेत ते.

भाचा : पत्ते तेच ठेवता येतील. मराठी अक्षरांतले जे लांबलचक पत्ते आहेत, ते एकेक करून तपासावे लागतील, तिथे गडबड होऊ शकते.

आत्या : ते मी तपासते, यादी माझ्याकडे आहे. पण कंस असलेले दोन अंक आधी साफ कर, मग त्यांच्या फाइल काढ. आणि थीम तुळशीच्या लग्नानंतर. अंक बाजारात असताना नाही.

भाचा : पीएचपीबद्दल होस्टिंगवाल्यांनी तारीख दिली, तर तेवढं थांबता येणार नाही.

आत्या : मग आजच त्यांना मेल कर आणि तारीख विचारून घे. मलाही प्रत पाठव, आणि त्या ईमेल पत्त्याचं झालं की कळव.